केचप

नमस्कार मंडळी.

दिवाळी मेळाव्यात बोलायचं आहे, असं कार्यकारिणीनं मला महिनाभर आधी सांगितलं होतं. माझा कागदही लिहून तयार होता. तो आज घरीच ठेवून आले. गेले तीन आठवडे एक शब्द डोक्यात घर करून बसलाय. तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला दुसरं काही बोलताच येणार नाही. शब्द साधा आहे. केचप.

आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आम्ही पाच जण जेवायला गेलो होतो. आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि वर्ध्याहून आलेल्या सासूबाई. इथं वॉर्सात, नदीपलीकडच्या प्रागा भागात, एक लहानसं रेस्टॉरंट आहे. आठ टेबलं, उघड्या विटांच्या भिंती, आत कोण काय ढवळतंय ते बसल्या जागेवरून दिसतं. जेवण पोलिश, पण नव्या विचारानं रांधलेलं. एरवी पाहुणे आले की आपण त्यांना ओल्ड टाउनमध्ये फिरवतो, फोटो काढतो आणि जेवायला इंडियनमध्ये नेतो. सासूबाई अंडंही खात नाहीत, म्हणून मी आधी फोन करून विचारलं. 'या तुम्ही, त्यांचं आम्ही बघतो,' असं उत्तर आलं.

पहिल्यांदा पाव आला. राय नावाच्या इथल्या धान्याचा, काळसर, आंबट वासाचा. सोबत पांढरंशुभ्र त्वारुग, म्हणजे इथलं ताजं, पनीरसारखं चीज, आणि त्यावर पिवळ्या तेलाची धार. ताटली टेबलावर टेकते न टेकते तोच सासूबाई म्हणाल्या, "जवस!" बरोबर होतं त्यांचं. पश्चिम पोलंडात, पोझनानच्या बाजूला बटाटा, त्वारुग आणि जवसाचं तेल हे साध्या घरांतलं जुनं जेवण आहे. वर्ध्याच्या माणसाला जवस ओळखायला डोळे लागत नाहीत. मी इथं अकरा वर्षं राहतेय. दुकानात ती बाटली कितीदा तरी डोळ्यांसमोर आली असेल. एकदाही उचलली नाही.

मग खोलगट वाट्या आल्या. तळाशी घोटून हलका केलेला बटाटा, त्यावर परतलेली रानातली अळंबी आणि नाकात झणझणणारा ख्शान नावाच्या तिखट मुळाचा कीस. शेफ स्वतः किटली घेऊन आला आणि वरून वाफाळतं झुरेक, इथलं आंबट सूप, ओतलं. आमच्यासाठी ते सॉसेजशिवाय, अळंबीच्या पाण्यात केलं होतं. सासूबाईंनी एक चमचा घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "अवं, हे तं आंबील होय!"

पीठ पाण्यात कालवायचं, उबेला ठेवायचं, आंबू द्यायचं, मग शिजवायचं. आपल्याकडे ज्वारी, इथं राय. गौरींच्या जेवणाची आंबील ज्यांनी प्यायलीय त्यांना मी अजून काय सांगू? मी शेफला पोलिशमध्ये हे सगळं सांगितलं, तर तो हातातली किटली तशीच धरून ऐकत राहिला. मग त्याच्या बरणीविषयी बोलला. आजी पूर्व पोलंडातल्या पोदलाशेतली. रायचं पीठ, पाणी, लसूण, तमालपत्र, पाच दिवस खिडकीत. दर वेळी जुन्यातलं थोडं नव्यासाठी मागे ठेवायचं. आईनं ती बरणी घासूनपुसून कपाटात ठेवून दिली होती, कारण दुकानात तयार बाटली मिळते. त्यानं ती पुन्हा बाहेर काढली.

आणि मग तो माझ्या मुलीकडे वाकला. ती नऊ वर्षांची आहे. त्यानं विचारलं, "तुमच्या घरी असं आंबट काय असतं?"

तिनं विचार केला. खरंच केला, मी बघत होते. तिला बरोबर उत्तर द्यायचं होतं. ती म्हणाली, "केचप."

सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचेही हसले. शेफसुद्धा हसला, प्रेमानंच. सासूबाईंना पोलिश येत नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणे पोरगी?" मी म्हटलं, "आवडलं म्हणाली."

पुढे निखाऱ्यात भाजलेलं बीट आलं, शेवटी मधातलं खसखशीचं आइसक्रीम आलं. फार सुंदर होतं. माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर आमचं वाजलं. हे म्हणाले, "पोरगी खोटं काय बोलली? फ्रीज उघडून बघ." मी चिडले, पण फ्रीज उघडला. दारातच उभी होती बाटली. ती दोन वर्षांची असताना तिनं ताकाची कढी थुंकली होती. त्यानंतर मी ती तिच्यापुढे कधी ठेवलीच नाही. चिंचगुळाची आमटी आमच्यापुरती, तिला पास्ता. सात वर्षं एकाच ओट्यावर मी दोन स्वयंपाक केले आणि त्यालाच माया समजले.

आता तुम्हाला थोडं बोलते, रागावू नका. आजच्या जेवणाचं ग्रुपवर मतदान झालं आणि पनीर निवडून आलं. मुलांसाठी दरवर्षीप्रमाणे पिझ्झाचं वेगळं टेबल मांडलंय. 'मुलं खात नाहीत हो' हे वाक्य या हॉलमध्ये मी स्वतःही बोललेय. पण त्यांच्या पानात आपण कधी काय वाढलं होतं? आळूचं फतफतं? आंबाडी? या देशात वसंत आला की लोक आंबट चुक्याच्या जातीच्या पाल्याचं सूप करतात. माझी मुलगी शाळेत ते मागून पिते. चव तिच्या जिभेला परकी नाही. ती आपली आहे एवढंच तिला कुणी सांगितलं नाही.

पोलिश माणसांनाही हे सगळं सहज राखता आलं नाही. साखर १९७६ पासून रेशनकार्डावर, मांस १९८१ ते १९८९ रेशनकार्डावर. १९९२ साली वॉर्सात पहिलं मॅक्डोनल्ड्स उघडलं. टंचाईत वाढलेल्या एखाद्या आईला आंबवलेल्या पिठाची बरणी नकोशी झाली असेल, तर मी तिला नावं ठेवणार नाही. आपल्या आयांनीही ज्वारी सोडून गव्हाच्या पोळ्या धरल्या, त्यामागेही तेच होतं. पण इथल्या तरुण शेफनी पुन्हा रान, बरणी, कंदमुळं हाती घेतली आणि २०१३ साली वॉर्सातल्या अशाच एका रेस्टॉरंटला पोलंडचा पहिला मिशेलिन स्टार मिळाला. ताटली नवी झाली, पण तिच्या तळाशी जुनी बरणीच होती.

वळिवड्याची गोष्ट आपण दर कार्यक्रमात सांगतो. सायबेरियाच्या हद्दपारीतून वाचलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ राहिली, आणि ते सांगताना आपली मान ताठ होते. व्हावीच. पण त्या माणसांनी तिथं काय केलं, तेही कधी सांगू या. घरदार गमावलेल्या त्या लोकांनी उसाच्या मुलखात पोलिश शाळा चालवल्या. आपल्याला रविवारचा मराठी वर्ग मार्चपुढे चालवता येत नाही. पोहण्याचा क्लास असतो, वाढदिवस असतात. माझ्याच मुलीचे मागच्या वर्षी सात रविवार बुडले.

आई, तुम्ही समोरच बसल्या आहात. त्या रात्री ती 'आवडलं' म्हणाली नव्हती. ती 'केचप' म्हणाली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं पीठ आणलं. आईंनी ते काचेच्या बरणीत कालवलं. वर्ध्याला एका रात्रीत आंबतं, इथं कॅलोरिफरला, म्हणजे घर तापवणाऱ्या हीटरला, टेकवून ठेवलं तरी तिसऱ्या दिवशी कुठं बुडबुडे दिसले. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बरणीचं झाकण काढते, वास घेते, नाक दाबते आणि पळते. चव अजून घेतलेली नाही. मी आग्रह केला तर त्या कढीसारखं होईल याची भीती वाटते. काहीच नाही केलं, तर पुढे कुणी तिला तोच प्रश्न विचारेल तेव्हा तिच्याजवळ काय असेल, याचीही वाटते. रात्री मी याचाच विचार करत पडलेली असते. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं असेल तर जेवताना माझ्या शेजारी बसा.

आई १९ तारखेला परत जाताहेत. तिसऱ्या खेपेची आंबील आज इथं आणली आहे, जिरं, लसूण, कोथिंबीर घालून. पनीरच्या पलीकडे, पिझ्झाच्या टेबलाला लागून स्टीलचा डबा आहे. वाट्या कमी पडतील, चहाचे पेले घ्या.