पाण्याची वाट सापडली ती अशी

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेहून रक्त तपासून आलेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न काय विचारतात? "हिमोग्लोबिन किती आलं?" मग बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, हे ओघानं आलंच. पण हे हिमोग्लोबिन ज्या तांबड्या पेशीत भरलेलं असतं, तिच्या आवरणाची चौकशी कुणी करत नाही. आज मी बोलणार आहे त्या आवरणाबद्दल आणि त्यात रोवलेल्या प्रथिनांबद्दल.

आवरण म्हणजे मेदाचा दुपदरी पापुद्रा. मेदातून क्षार आणि साखर सहजी जात नाहीत. ती ये-जा प्रथिनं करतात. त्यातलं बँड थ्री नावाचं एक प्रथिन एकेका पेशीवर सुमारे १० लाखांच्या संख्येनं असतं. अंगात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पेशीत शिरला की त्याचं बायकार्बोनेट होतं. ते बाहेर सोडायचं आणि बदल्यात क्लोराइड आत घ्यायचं, हे बँड थ्रीचं काम. फुप्फुसात नेमकं उलटं. आवरणाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, आणि ॲन्किरिन नावाचं दुसरं प्रथिन ती जाळी बँड थ्रीला बांधून ठेवतं. ७-८ मायक्रॉनची पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते, ती या बांधणीमुळं. असे सुमारे १२० दिवस. ही बांधणी जन्मतः कच्ची असली तर पेशी गोल गरगरीत होतात आणि प्लीहेत अडकून मोडतात. घरात दोघा-तिघांना वारंवार कावीळ होत असेल, तरुणपणीच पित्ताशयात खडे निघत असतील, तर हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

आता पाणी. तासगावचा बेदाणा रात्री भिजत घातला की सकाळी टपोरा फुगतो, हे सांगलीकरांना मी काय सांगणार! तांबडी पेशीही साध्या पाण्यात पडली की तशीच फुगते, पण तिला बेदाण्याचा धीर नाही, ती बघता बघता फुटते. म्हणूनच सलाईनच्या बाटलीत लिटरमागं ९ ग्रॅम मीठ असतं. सलाईनचा विषय निघालाच आहे तर सांगतो, "डॉक्टर, एक सलाईन लावाच" हा आपल्याकडचा हट्ट मला पटत नाही. तोंडानं पाणी पिता येणाऱ्या माणसाला मिठाचं पाणी शिरेतून कशाला हवं? असो.

प्रश्न असा होता, की पाणी पेशीत एवढ्या झपाट्यानं शिरतं कुठून? मेदातून थोडं झिरपतं, पण त्यानं हा वेग जमत नाही. पाण्यासाठी वेगळी वाट असणार, असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं म्हणत होते. ती कुणाला दिसत मात्र नव्हती.

आणि इथं मला पीटर ॲग्री यांची गोष्ट सांगायचीय. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे रक्तविकारांचे डॉक्टर. ते पाण्याच्या मागं नव्हतेच. त्यांना हवं होतं आरएचचं प्रथिन. तेच आरएच, ज्यावरून आपण रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह म्हणतो. तांबड्या पेशींच्या आवरणातून ते वेगळं काढताना दरवेळी सोबत आणखी एक छोटं प्रथिन यायचं. आधी वाटलं, आरएचचाच तुकडा असेल. वेगळं काढलेलं आरएच सशांना टोचून प्रतिपिंडं करवली, तर ती आरएचविरुद्ध नव्हेच, या आगंतुकाविरुद्ध निघाली! प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या निळ्या रंगानं ते रंगतही नव्हतं. म्हणजे इतक्या जणांनी इतकी वर्षं तांबड्या पेशी चाळल्या, आणि एकेका पेशीवर लाख-दोन लाखांनी असलेलं हे प्रथिन कुणाला दिसलं नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भेसळ आहे, फेकून द्या. आपल्याकडं तर प्रयोगाआधीच जर्नल लिहून तयार असतं! उत्तर ठरलेलं, आकडा ठरलेला, आणि वेगळं काही दिसलं तर पोरगं खोडरबर शोधतं. मार्क त्यालाच मिळतात, हे मला फार खटकतं.

ॲग्रींनी ते फेकलं नाही. शोध घेतला तर ते मूत्रपिंडाच्या नलिकांमध्येही भरपूर सापडलं. पण काम काय? कळेना. पुढं सहकुटुंब सुट्टीवरून परतताना ते आपले जुने गुरू जॉन पार्कर यांच्याकडं थांबले. तांबड्या पेशीत आहे, मूत्रपिंडात आहे, हे ऐकल्यावर पार्कर म्हणाले, अरे, सगळे शोधतायत ती पाण्याची वाट हीच तर नसेल?

मग बेडकीची अंडी आणली. आफ्रिकन बेडकीची ही अंडी पाण्याला सहसा दाद देत नाहीत. काहींमध्ये या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा निरोप, टोचला, काहींमध्ये नुसतं पाणी. दोन-तीन दिवसांनी दोन्ही अंडी शुद्ध पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी. आणि प्रथिनवाली? फुगली, फुगली आणि फटाफट फुटली! पुन्हा सांगतो, पाणी तेच, अंडी तीच, फरक फक्त त्या एका प्रथिनाचा. साल १९९२. पुढं त्याचं नाव पडलं ॲक्वापोरिन, आणि २००३ साली ॲग्रींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून.

ही वाट इतकी अरुंद की पाण्याचे रेणू एकामागं एक, एका रांगेतच जातात. तरीही एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी. मूत्रपिंडातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी परत खेचायला याच घराण्यातली प्रथिनं लागतात.

आणि गंमत बघा. जगात अगदी मोजकी माणसं अशी आहेत की ज्यांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नाहीच. कोल्टन नावाच्या एका दुर्मिळ रक्तगटावरून ती ओळखू आली. हिंडतात, फिरतात, कसली तक्रार नाही. ॲग्रींच्या गटानं त्यातल्या काहींना तपासणीसाठी बोलावलं आणि बराच वेळ पाणी प्यायला दिलं नाही. तेव्हा कुठं फरक दिसला. आपली लघवी अशा वेळी जितकी दाट होते, तितकी त्यांची झाली नाही.

नमस्कार.