भरावाखालचे रोम : सान क्लेमेंतेच्या तीन पातळ्या

रोममध्ये कोलोसियमकडून लॅटरनच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर सान क्लेमेंतेचे चर्च लागते. आत शिरल्यावर दिसते ती बाराव्या शतकाच्या आरंभीची वास्तू : अर्धघुमटात सोनेरी भूमीवर क्रूसाच्या बुंध्याशी उगवलेली आणि वळणे घेत सगळीकडे पसरलेली वेल, आणि मधोमध गायकवृंदासाठी उभारलेले संगमरवरी कठड्यांचे आवार. या कठड्यांवर सहाव्या शतकातल्या दुसऱ्या जॉन या पोपची मुद्रा कोरलेली आहे. बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये सहाव्या शतकातले कठडे आले कुठून, हा प्रश्न कोणालाही पडायला हवा होता. पण हीच वास्तू मुळातली, असे लोक शेकडो वर्षे धरून चालले होते.

१८५७ मध्ये इथले डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी-पंथाचे आयरिश मठाधिपती जोसेफ मुलूली यांनी जमिनीखाली खोदायला सुरुवात केली आणि खाली चौथ्या शतकातले, वरच्यापेक्षा अधिक रुंद असे दुसरे चर्च सापडले. संत जेरोम यांनी ३९२ च्या सुमारास क्लेमेंत या आरंभीच्या पोप-संताच्या स्मरणार्थ असलेल्या ज्या रोमन चर्चचा उल्लेख केला आहे, ते हेच.

१०८४ मध्ये नॉर्मन सैन्याने रोम लुटले, तेव्हा हे जुने चर्च उद्ध्वस्त झाले, असे पूर्वी सर्रास सांगत. आज अनेक अभ्यासक ते मानत नाहीत, आणि माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. खाली उतरून पाहिले की खांबांच्या मधल्या जागा विटांनी चिणून घेतलेल्या दिसतात आणि त्यावर वरच्या चर्चचा भार टेकवलेला दिसतो. आसपासची जमीन वर चढत गेली होती, इमारत थकली होती. तेव्हा बांधणाऱ्यांनी कामाचे तेवढे संगमरवर वर नेले आणि उरलेल्या पोकळीत भराव घातला. हे गवंड्याचे शांतपणे केलेले काम आहे, लुटीची खूण नव्हे. आपल्याकडे नेवाशाच्या किंवा इनामगावच्या पांढरीच्या टेकाडात वस्त्यांचे थर हळूहळू साचत गेले. इथे मात्र थर हिशेबाने रचलेला आहे, आणि त्या भरावामुळेच भिंतींवरची चित्रे टिकली.

त्यांतल्या एका चित्रापाशी थोडे थांबू. ते अकराव्या शतकाच्या अखेरचे आहे. सिसिनियस नावाचा रोमन सरदार क्लेमेंतला बांधून ओढून न्यायचा हुकूम आपल्या नोकरांना देतो. पण त्यांना अशी काही भूल पडते, की संत समजून ते दगडी खांबालाच दोर बांधून ओढत बसतात. सिसिनियस खेकसतो तो लोकांच्या बोलीत, आणि त्याचे शब्द चित्रातच लिहिलेले आहेत. मराठीत सांगायचे तर, ‘रांडेच्यांनो, ओढा!’ संताच्या तोंडचे वाक्य मात्र लॅटिन आहे, व्याकरणात जरासे घसरलेले. इटालियन बोलीच्या अगदी आरंभीच्या लिखित नमुन्यांत या शिवीची गणना होते. इथे मला आपला शिलाहार अपरादित्याचा परळचा शिलालेख आठवल्याशिवाय राहत नाही : बाराव्या शतकातल्या त्या लेखाचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटची गाढवाची शिवी तेवढी मराठीत. गंभीर बोलणे देवभाषेत आणि संताप घरच्या भाषेत, ही वाटणी दोन्हीकडे सारखीच आहे.

या चर्चच्याही खाली पहिल्या शतकातल्या दोन इमारती आहेत आणि त्यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. एक इमारत मोठमोठ्या चिऱ्यांची असून ती सरकारी टांकसाळ असावी, असा एक तर्क आहे. दुसरी विटांची आहे. या दुसरीतल्या एका खोलीत पुढे मिथ्रस या रोमन काळातल्या देवाचे उपासनागृह झाले : गुहेचा भास व्हावा असे खडबडीत छत, दोन्ही बाजूंना प्रसादभोजनाला टेकून बसण्यासाठी दगडी ओटे, आणि मध्ये बैलाला मारणाऱ्या मिथ्रसची वेदी. ऋग्वेदातला मित्र, अवेस्तातला मिथ्र आणि हा मिथ्रस ही नावे एकाच मुळाची आहेत; पण मित्राने बैल मारल्याची कथा ऋग्वेदातही नाही आणि अवेस्तातही नाही. त्यामुळे सूर्यनमस्कारातला ‘मित्राय नमः’ आठवून फार हुरळून जाऊ नये.

‘मंदिर पाडून त्यावर चर्च बांधले’ हे वाक्य इथे फार घाईचे ठरते. चौथ्या शतकातल्या चर्चचा मुख्य भाग चिऱ्यांच्या इमारतीवर उभा आहे. केवळ त्याचा अर्धघुमट बोळ ओलांडून मिथ्रसच्या घरावर गेला आहे.

मिथ्रसची ही खोली १८६७ मध्ये सापडली खरी, पण पाण्याने भरून गेली. १९१२ ते १९१४ या काळात सुमारे ७०० मीटर लांबीचा बोगदा खणून ते पाणी क्लोआका मॅक्सिमा या प्राचीन रोमन गटारात सोडले, तेव्हा कुठे तिथे नीट उभे राहता येऊ लागले. त्या तळाच्या खोल्यांत आजही वाहत्या पाण्याचा आवाज सतत कानावर येतो.

त्याही खाली आणखी अवशेष आहेत. सन ६४ मध्ये, नीरोच्या कारकिर्दीत लागलेल्या आगीत जळालेल्या घरांचे ते आहेत. त्यांच्या खोल्यांतही राडारोडा भरूनच पहिल्या शतकातल्या गवंड्यांनी वरच्या भिंती उभारल्या.