सोनं झिजतं ते आतून

(दृश्य: काळ्या कापडावर उपडं ठेवलेलं घड्याळ. कॅमेरा पट्ट्याच्या आतल्या बाजूकडे सरकतो.)

वरून पाहिलं तर या पट्ट्याला काहीही झालेलं नाही. पिवळंधमक सोनं, ओळीत बसलेल्या कड्या, लॉक लावलं की होणारा तो खट्कन आवाज. सगळं जागच्या जागी आहे. पण पट्टा उलटा केला, थोडा वाकवला आणि दोन कड्या एकमेकींत गुंततात तिथे भिंग धरलं, की एक बारीक काळी रेघ दिसते. पुढच्या सांध्यात तीच रेघ, आणि त्याच्या पुढच्याही.

हा मळ आहे. घाम, त्वचेचं तेल, हाताला लावलेलं क्रीम, नीट न धुतला गेलेला साबण आणि या सगळ्यात कालवलेली धूळ. यातली धूळ सर्वांत वाईट. धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोज़च्या मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे आणि शुद्ध सोनं साधारण २.५ वर. पट्ट्यात तांबं, चांदी मिसळलेली असते, त्यामुळे तो शुद्ध सोन्यापेक्षा कडक असतो, पण गारगोटीपुढे तो मऊच.

आता मनगट फिरवून पाहा. प्रत्येक हालचालीला कडी पिनेभोवती किंचित फिरते. मध्ये तो तेलकट, खरखरीत लगदा आहेच. तो कानशीसारखं काम करतो, अगदी हळू, पण न थांबता. कडीचं गोल भोक लांबट होतं. पिन मध्येच बारीक होते. काही वर्षांनी पट्टा मनगटावर लोंबायला लागतो आणि लोक म्हणतात, पट्टा ताणला गेला. खरं तर तो ताणला गेलेला नसतो, झिजलेला असतो. तेवढं सोनं कणाकणानं त्या काळ्या रेघेतून निघून गेलेलं असतं.

सोनं गंजत नाही, म्हणून त्याचं काही करावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. बनवणारे मात्र तसं धरत नाहीत. रोलेक्सनं १९५६ साली डे-डेट घड्याळाबरोबर प्रेसिडेंट पट्टा आणला. त्याच पट्ट्याच्या हल्लीच्या घडणीत कड्यांच्या आत सिरॅमिकचे छोटे तुकडे बसवतात. बाहेरून ते दिसत नाहीत. ते आहेत ते फक्त सांधा मोकळा फिरावा आणि सोन्यावर सोनं घासू नये म्हणून.

(दृश्य: उघडलेल्या लॉकची आतली बाजू. त्यावर कोरलेला आकडा.)

धुण्याआधी हातात काय आहे ते ओळखून घ्या. लॉकच्या आत किंवा शेवटच्या कडीवर ७५० असा शिक्का असेल, तर ते १८ कॅरट आहे, म्हणजे १००० भागांत ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० भागांवर त्याचा रंग आणि स्वभाव ठरतो. तांबं जास्त असेल तर गुलाबी. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल असतं आणि बऱ्याचदा वरून रोडियमचा पातळ थर दिलेला असतो. घासून तो थर गेला की खालची किंचित पिवळट छटा दिसू लागते. पट्टा नुसता सोन्याचा मुलामा दिलेला असेल, तर थर मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. तिथे ब्रशसुद्धा जपून फिरवायचा, पॉलिशचा तर विचारही नको.

आता वाडगा घ्या. बेसिनमध्ये थेट धुऊ नका. एखादी स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा घड्याळाला जोडणारी बारीक स्प्रिंगची काडी, निसटली तर ती गटारातच जाते. पट्टा घड्याळापासून सोडवता येत असेल आणि ते काम हाताला सवयीचं असेल, तर सोडवा. नसेल तर सोडवू नका. टोकदार अवजार एकदा निसटलं की घड्याळाच्या कानावर, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकावर, असा चरा उमटतो, जो धुण्यानं वाचवलेल्या झिजेपेक्षा जास्त सलतो.

पट्टा घड्याळासकट धुणार असाल, तर आधी चावी पूर्ण आत आहे का ते बघा. फिरवून बसणारी असेल तर ती घट्ट बसलीय का, तेही. घड्याळावर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते पाण्यात बुडवण्याची परवानगी समजू नका. रबराच्या सीलही वर्षागणिक जुन्या होत जातात. घड्याळ जुनं असेल, किंवा सील शेवटच्या कधी तपासल्या हे आठवत नसेल, तर डबा, म्हणजे घड्याळाचा यंत्र असलेला भाग, कोरडा ठेवा आणि फक्त पट्टा ओल्या ब्रशनं साफ करा.

पाणी कोमट असावं. बोट घातलं तर ना गार लागावं ना गरम. गरम पाणी आणि वाफ सीलना चालत नाही. भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत. पट्टा दहा-पंधरा मिनिटं त्यात पडू द्या.

(दृश्य: पांढरा वाडगा. पाण्याखाली पट्टा. मऊ ब्रश हळू फिरतोय.)

लहान मुलांचा दात घासायचा मऊ ब्रश यासाठी उत्तम. दाब द्यायचा नाही. ब्रशचे केस सांध्यात शिरू द्यायचे, एवढंच. एक सांधा वाकवायचा, ब्रश आडवा फिरवायचा, उलट बाजूला वाकवायचा, पुन्हा फिरवायचा. मग पुढचा. लॉकच्या घड्या, त्याच्या आतल्या स्प्रिंगची फट आणि पट्टा डब्याला मिळतो ती शेवटची कडी, मळ सगळ्यात जास्त साचतो तो इथे. घाई करायची असेल तर बाकी कड्यांवर करा, या तीन जागांवर नको.

पाण्याकडे बघा. आधी पांढुरकं होतं, आता राखाडी झालंय. वाडग्याच्या तळाला काळसर गाळ बसलाय. या काळ्या रंगात नुसती धूळ नसते. सोनं अतिशय बारीक झिजलं की त्याचे कण पिवळे दिसत नाहीत, काळपट दिसतात. दागिन्याखाली कधी कधी त्वचेवर काळा डाग उमटतो, त्यामागेही बरेचदा हेच कारण असतं. सौंदर्यप्रसाधनांतली कठीण पूड सोनं घासते आणि ती भुकटी त्वचेवर बसते.

मग स्वच्छ कोमट पाण्यानं दोनदा खळबळून काढा. साबण आत राहिला तर तोच पुढच्या मळाचा पाया होतो. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर शेवटचं धुणं शुद्ध केलेल्या पाण्यानं करा, पांढरे डाग राहणार नाहीत. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं टिपून घ्या, चोळू नका, आणि पट्टा कोरड्या कापडावर मोकळा पसरून ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

तो वाळेपर्यंत घरोघरी होणाऱ्या काही चुकांबद्दल बोलू.

टूथपेस्ट ही त्यातली पहिली. तिनं सोनं चमकतं, हे खरं. ते चमकतं कारण तिच्यातली बारीक पूड सोन्याचा वरचा थर खरवडून काढते. खाण्याचा सोडा घासण्याचीही तीच गत. ब्लीचपासून तर लांबच राहा. त्यातला क्लोरीन सोन्याला सोडून बाकीच्या धातूंवर तुटून पडतो आणि ताणाखाली असलेल्या जागी, म्हणजे नेमक्या पिनेपाशी किंवा डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडलेल्या सांध्यापाशी, सूक्ष्म तडे पाडू शकतो. क्लोरीनच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरताना घड्याळ काढून ठेवावं, ते यासाठी. आणि घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, तर आधी हातातलं सोनं उतरवा. पारा सोन्यात क्षणात मुरतो, पांढरा डाग पडतो आणि तो साबणानं जात नाही.

अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म कंपनांनी मळ काढणाऱ्या यंत्रात, फक्त सोडवलेला पट्टा घालावा, पूर्ण घड्याळ कधीच नाही. खडे जडवलेला पट्टा असेल तर तोही नको. त्या कंपनांनी पट्ट्याचे स्क्रू ढिले होऊ शकतात, म्हणून बाहेर काढल्यावर एकेक तपासायचा.

(दृश्य: दोन कड्या शेजारी. एकीच्या कडा धारदार, दुसरीच्या गोल झालेल्या.)

आणि पॉलिश. या दोन कड्या बघा. दोन्ही एकाच घडणीच्या. डावीकडचीवर ओरखडे आहेत, पण तिची कड अजून सरळ आहे. मधला मॅट पट्टा आणि बाजूचा चकचकीत उतार यांच्यातली रेघ स्पष्ट दिसतेय. उजवीकडची आरशासारखी आहे, आणि तिला कडच उरलेली नाही. वारंवार पॉलिश करून ती साबणाच्या वडीसारखी झालीय. प्रत्येक पॉलिशमध्ये सोनं कमी होतं. लेझर वेल्डिंगनं गेलेली कड पुन्हा भरून काढता येते, पण ते मोठं काम आहे आणि मूळची ती रेघ घडवणाऱ्या हाताची होती. माझं मत विचाराल तर ओरखडे राहू द्या. ते वरवरचे असतात. पट्ट्याचं आयुष्य सांध्यांत असतं, आणि सांधे साबणपाण्यानं वाचतात.

रोजचं फार काही नाही. अत्तर, सनस्क्रीन आधी लावा, ते सुकू द्या, मग घड्याळ घाला. रात्री काढलं की कोरड्या कापडानं आतली बाजू पुसा. ठेवताना एकावर एक घड्याळं रचू नका, वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा, हिऱ्याच्या दागिन्याजवळ तर नकोच. दर पाच-सहा महिन्यांनी घड्याळ आडवं धरून पाहा. लॉक लावलेला पट्टा किती खाली झुकतो? जड सोनं थोडं झुकणारच. पण मागच्या वेळेपेक्षा जास्त झुकला, किंवा कडी बाजूला हलवल्यावर डगडगली, तर पिना तपासून घ्यायची वेळ झालीय. भोकात बारीक नळी बसवून झिजलेला सांधा पुन्हा नीट करता येतो, फक्त तो तुटायच्या आधी न्यायला हवा.

(दृश्य: कापडावरचा पट्टा. हात तो उचलतो, उलटा करतो.)

तासाभरानं कापडावर एक ओलसर रेघ उमटलेली दिसेल. आत अडकलेलं पाणी बाहेर येतंय. पट्टा कोरड्या जागी सरकवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी उलटा करून वाकवा, आणि दिव्यासमोर धरा. काळ्या रेघेच्या जागी दोन कड्यांच्या मधून उजेड येतोय का, एवढंच बघायचं.