नीळ, तुरटी आणि गोकर्ण

[दृश्य : भाद्रपदातली सकाळ, पावणेसात. शिवाजी पेठेतली एक गच्ची. कठड्याला बांधलेली जाळी आणि तिच्यावर चढलेला गोकर्णाचा वेल.]

हे फूल तुम्हाला पडद्यावर जांभळं दिसत असेल, तर तुमच्या मोबाईलला दोष देऊ नका. चार दिवस आम्ही या गच्चीवर गोकर्ण टिपतोय आणि दर वेळी कॅमेरा त्यात थोडा लाल रंग मिसळतोय. डोळ्यांना दिसतो तो रंग वेगळा आहे. पांढऱ्या कपड्यांना नीळ देताना बादलीत पहिला थेंब पडतो आणि पाण्यात त्याचा धागा सुटत जातो, तो आठवा. तसा.

निळ्या फुलाचं आणि कॅमेऱ्याचं हे जुनंच आहे. कोल्हापूर सिनेमाचं गाव. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर इथे मूकपट काढत होते. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला फार हळवी आणि लालला जवळजवळ आंधळी असायची. निळं आभाळ तिच्यावर पांढरं पडायचं, लाल जास्वंद काळी व्हायची. गोकर्णाचं फूल तिच्यासमोर धरलं असतं तर पार फिकं उतरलं असतं. म्हणून आधीच एक विनंती: आम्ही दाखवतो तेवढ्यावर थांबू नका. सकाळी आठच्या आत कुणाच्या तरी परड्यात जाऊन हे फूल स्वतः बघा.

निळ्या फुलाचं रोप विकत मिळतं. त्याचा निळा रंग मात्र पुष्कळदा आपली माती, आपलं पाणी आणि दिवसाची वेळ ठरवते. कोल्हापुरात कुठला निळा टिकतो आणि कुठला हट्टाने टिकवावा लागतो, हे मला कळायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत शिकलेलं आज सांगतोय.

[दृश्य : महाद्वार रोड. फुलांच्या पाट्या. झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब, जास्वंदीच्या कळ्या.]

या पाट्यांवर एक रंग नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एका मावशींना विचारलं, "मावशी, निळी फुलं नाहीत का?"

"गोकर्णी हाय की आमच्या परड्यात. पर इकायला न्हाई आणत. दहा वाजलं की मान टाकत्यात. गिऱ्हाइकाला काय देऊ, सांग बाळा?" आणि मग, "बी पायजे असंल तर उद्या ये. शेंगा देतो."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कागदात सात शेंगा बांधलेल्या होत्या. या गच्चीवरचा सगळा वेल त्या सात शेंगांचा.

गोकर्णाचं फूल एका दिवसाचं. पहाटे उमलतं, ऊन चढलं की पाकळ्या पिळलेल्या फडक्यासारख्या वळतात. बाजारात त्याला जागा नाही, आणि म्हणूनच ते दारात लावायचं फूल आहे. निळं फूल पहिल्यांदाच लावणाऱ्या कोल्हापूरकराला मी दुसरं काही सुचवणार नाही. आधी गोकर्ण.

[दृश्य : तळहातावर बिया. पॉलिश पेपरवर घासणारी बोटं.]

बी कठीण असतं. तसंच पेरलं तर काही बिया उगवतात, काही महिनाभर तशाच पडून राहतात. पॉलिश पेपरवर प्रत्येक बी दोन-तीनदा घासायचं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. सकाळी जे फुगलंय ते मातीत घालायचं, जे फुगलं नाही ते पुन्हा घासायचं. मिरगाचा पाऊस पडला की पेरणी. आठवड्या-दीड आठवड्यात अंकुर, आणि चांगलं ऊन असेल तर दीड-दोन महिन्यांत पहिलं फूल. ऊन मात्र हवंच, किमान पाच-सहा तासांचं. सावलीत वेल वाढतो, फुलत नाही.

खताच्या बाबतीत लोक प्रेमापोटी चुकतात. गोकर्ण हे वाटाणा-घेवड्याच्या कुळातलं. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात. वरून युरिया घातला तर नुसता पाला माजतो. कुंडीत थोडं शेणखत पुरे. शेंगा धरायला लागल्या की बियांपुरत्या चार ठेवून बाकीच्या खुडा. शेंगा पोसायला लागलेला वेल फुलं कमी करतो.

[दृश्य : फूल अगदी जवळून. मधोमध पांढरट-पिवळसर ठिपका. एक मधमाशी आत शिरते.]

इथे थोडं थांबूया. या कुळातल्या बहुतेक फुलांची मोठी पाकळी वरच्या बाजूला, पाठीमागे उभी असते. गोकर्णात ती खाली, ओट्यासारखी पसरलेली आहे. फूल देठावर उलटं फिरलेलं असतं. माशी त्या ओट्यावर उतरते, पांढऱ्या ठिपक्याच्या रोखाने आत डोकं घालते आणि परागकण तिच्या पाठीवर लागतात. दुहेरी पाकळ्यांचं गोकर्णही मिळतं, भरगच्च आणि देखणं. मला एकेरीच आवडतं. दुहेरीत हा ओटा उरत नाही, माशी घोटाळते.

[दृश्य : स्वयंपाकघर. काचेच्या पेल्यात गरम पाणी, त्यात सहा फुलं.]

आता रंगाकडे येऊ. गरम पाण्यात फुलं टाकली, पाणी निळं झालं. अर्धं लिंबू पिळलं, जांभळट गुलाबी झालं. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, हिरवट झालं. रंगद्रव्य एकच, आंबटपणा बदलला की त्याचा रंग बदलतो. जगातल्या फुलझाडांत खऱ्या अर्थाने निळी फुलणारी दहात एकही भरत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. फुलातल्या लाल, जांभळ्या आणि निळ्या रंगांमागे बहुतेक वेळा अँथोसायनिन या एकाच घराण्यातली रंगद्रव्यं असतात. त्यांना निळं ठेवायचं तर झाडाला बरीच खटपट करावी लागते. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला लाल गुलाबात आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एकच रंगद्रव्य सापडलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी 1915 चं नोबेल त्याला मिळालं. मग एक लाल आणि एक निळं का? कॉर्नफ्लॉवरमध्ये त्या रंगद्रव्याला लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धरून ठेवतात, हे पुढच्या संशोधनात उलगडलं.

म्हणजे धातू लागतो. हे वाचलं त्या दिवशी मला माझी हायड्रेंजिया आठवली.

[दृश्य : मोठी कुंडी. गुलाबी फुलांचा गुच्छ.]

चार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी निळी हायड्रेंजिया आणली. आणली तेव्हा आभाळी रंगाचे दोन गुच्छ होते. "दरवर्षी असंच फुलणार" असं तिथे सांगितलं होतं. पुढच्या वर्षी फुलली ती गुलाबी. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं, फार वाईट वाटलं. रोप तेच होतं. माती बदलली होती.

मी कुंडी भरली होती पंचगंगेकाठच्या काळ्या मातीने. उसाला सोन्यासारखी माती, पण तिच्यात चुनखडीचे खडे, आणि वर मी घालत होतो बोअरचं जड पाणी. हायड्रेंजियाला निळं व्हायला मातीतून अॅल्युमिनियम मिळावं लागतं, आणि ते मुळांना मिळतं फक्त आम्लधर्मी मातीत. चुन्याच्या मातीत ते असून नसल्यासारखं, अडकून पडतं. गोकर्णाचं पाणी आंबट केलं की गुलाबी होतं, हायड्रेंजियाची माती आंबट केली की फूल निळं होतं. वरवर हे उलटं वाटतं. हायड्रेंजियात आंबटपणाचं काम मातीत चालतं, अॅल्युमिनियम मोकळं करण्याचं.

[दृश्य : पन्हाळा. धुकं. जांभ्या दगडाची पायरी, शेजारी निळी हायड्रेंजिया.]

पन्हाळ्यावर एका घराच्या पायरीशी ही दिसली. कुणी काही खास केलेलं नव्हतं. इथली माती जांभ्याची, तांबडी, पावसाने धुऊन आंबट झालेली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, बॉक्साइट सापडतं, म्हणजे अॅल्युमिनियमचंच खनिज. ज्या मातीतून लोक धातू काढतात, ती या झाडाला निळा रंग देते. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर.

मी तांबडी माती आणून कुंडी पुन्हा भरली. बोअरचं पाणी बंद केलं, पावसाचं साठवून घातलं. आणि तुरटी. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. पाच लिटर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा, कळ्या दिसायच्या आधीपासून. जास्त घातली तर मुळं जळतात. पहिल्या वर्षी रंग धड गुलाबी नाही, धड निळा नाही असा आला. यंदा तीन गुच्छ निळे आले. त्यांतल्या एकाची कड अजून गुलाबी आहे. पांढरी हायड्रेंजिया मात्र काही केलं तरी पांढरीच राहते, तिच्यामागे तुरटी घालवू नका. आणि हिवाळ्यात छाटणी करू नका, पुढची फुलं जुन्याच फांद्यांवर येतात.

मनापासून सांगतो, पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाट या बाजूला घर असेल तर हायड्रेंजिया जरूर लावा. शहरात एप्रिलचं ऊन तिला सोसत नाही. दुपारी सावली, रोज पाणी आणि पदरी धीर असेल तरच तिच्या वाटेला जा.

[दृश्य : कंपाउंडच्या भिंतीवरून ओसंडणारा निळा चित्रक.]

शहरात बिनघोर फुलतो तो हा, निळा चित्रक. आपल्या औषधी चित्रकाची फुलं पांढरी, हा दक्षिण आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद. रंग अगदी उघडीप पडल्यावरच्या आभाळाचा. फांदी खोचली की लागतो, काळी माती चालते, भरपूर ऊन लागतं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून उन्हाळ्यात चांगला निम्म्याने छाटा. हात आखडू नका.

फुलाच्या खालच्या हिरव्या नळीवर बारीक चिकट केस असतात. हात लावून बघा. पोरी ही फुलं खुडून कानाच्या पाळीला चिकटवतात, डूल म्हणून. आणि कळ्यांवर जवळून पाहिलं तर एक लहानसं फुलपाखरू घिरट्या घालताना सापडेल. वरून निळसर, पंख मिटले की खाली झेब्र्यासारखे पट्टे. ते या कळ्यांवर अंडी घालतं आणि अळ्या कळ्या-फुलं खातात. थोडी फुलं जातात. जाऊ द्या, फवारणी करू नका.

निळी कोरांटी दसऱ्यापासून पुढे फुलते, फांदी खोचून लागते, कुंपणाला उत्तम. नीलवेल, म्हणजे मोठ्या घंटेसारख्या फुलांची थनबर्जिया, सुंदर आहे, पण तिला भक्कम मांडव आणि मोठं अंगण लागतं. गच्चीवर नको. आणि निळ्या गुलाबाचं बी विकत घेऊ नका. बहुतेक निळ्या फुलांत असतं ते डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य गुलाबाकडे नसतं, आणि कॉर्नफ्लॉवरसारखी धातूंची पकडही नसते. दुकानातले निळे गुलाब रंगाच्या पाण्यात ठेवून निळे केलेले असतात.

[दृश्य : मसाई पठार. कातळावर साचलेलं पाणी, भोवती निळ्या-जांभळ्या फुलांचा पट्टा.]

पन्हाळ्यापलीकडे मसाई पठार. श्रावण-भाद्रपदात इथे सीतेची आसवं, आभाळी, नभाळी ही रानफुलं फुलतात. सीतेची आसवं हे नाव ज्याने ठेवलं त्याने हे फूल ओणवं होऊन पाहिलं असणार, इतकं ते लहान आहे. कातळावरच्या बोटभर मातीत पोषण जवळजवळ नसतं, म्हणून हे झाड मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातं. दरवर्षी कुणीतरी ते उपटून पिशवीत घालून नेताना दिसतं. घरच्या सुपीक मातीत ते जगत नाही. कृपा करून नेऊ नका. त्याची जागा तीच.

त्यापेक्षा घरी आपोआप उगवणारा केना ठेवा. तण म्हणून आपण तो उपटतो, काही घरी त्याची भजीही होते. दोन ठसठशीत निळ्या पाकळ्या, तिसरी अगदी बारकी. दुपारपर्यंत विरघळून जातात. या केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, मातीतच बी धरतात. मला हे कळलं तेव्हा मी एक कुंडी केन्यासाठीच सोडली.

[दृश्य : पुन्हा गच्ची. साडेदहा वाजलेत. गोकर्णाची फुलं मिटलेली.]

पाऊस ओसरला की हिवाळी बियांचे दिवस. कॉर्नफ्लॉवर आणि लार्कस्पर, दोन्ही जागेवरच पेरायची, रोप हलवलेलं त्यांना खपत नाही. लार्कस्परचं बी गारवा आणि अंधार असेल तरच नीट रुजतं, म्हणून वर बोटाच्या पेराएवढी माती हवी. झाड विषारी आहे, शेळ्या आणि लहान मुलं पोहोचतील तिथे नको. जानेवारीत फुलतील, मार्चच्या उन्हात संपतील.

यंदाचं लार्कस्परचं बी ओल्या रुमालात गुंडाळून डबीत घातलंय. डबी फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. घटस्थापनेला मातीत जाईल.