राजीनामा मंजूर

श्रोतेहो, नमस्कार.

काही राजीनामे परत घेण्यासाठीच दिलेले असतात. एकोणिसाव्या शतकातल्या अर्जेंटिनात ह्वान मानुएल दे रोसास या सेनानीने तर तसा दरवर्षीचा शिरस्ताच पाडला होता. तब्येत साथ देत नाही, आता हा भार दुसऱ्या कुणाकडे सोपवा, असं तो कळवायचा. मग सगळ्या प्रांतांनी त्याची मनधरणी करायची आणि त्याने नाइलाज झाल्यासारखं राहायचं. १ मे १८५१ रोजी एका गव्हर्नराने मात्र ही पडत्या फळाची आज्ञा समजून राजीनामा चक्क मंजूर करून टाकला. पुढे नऊ महिन्यांनी कासेरोसला लढाई झाली आणि रोसासची सत्ता एका दिवसात संपली.

रोसास हा मोठा जमीनदार. हजारो गुरं, आणि ती राखणारे घोडेस्वार गाऊचो हीच त्याची पहिली फौज. १८३५मध्ये तो दुसऱ्यांदा ब्वेनोस आयरेस प्रांताचा गव्हर्नर झाला, तोही सगळी सत्ता एकट्याच्या हातात घेऊन. देशाला तेव्हा राष्ट्राध्यक्षही नव्हता आणि राज्यघटनाही नव्हती. परराष्ट्र व्यवहार मात्र बाकीच्या प्रांतांनी त्याच्याकडे सोपवला होता, आणि दरवर्षी तो राजीनामा द्यायचा तो याच कामाचा. त्याच्या राज्यात छातीवर लाल फीत लावावी लागे. सरकारी कागदाच्या माथ्यावर विरोधकांच्या मरणाची घोषणा असे. चर्चमध्ये त्याची तसबीर मिरवली जाई. आणि एवढं करूनही ज्याने ऐकलं नाही, त्याच्या दारात 'मासोर्का' नावाची टोळी येऊन उभी राही.

राजीनामा मंजूर करणारा होता हुस्तो होसे दे उर्कीसा, एंत्रे रिओस प्रांताचा गव्हर्नर. तो काही रोसासचा जुना वैरी नव्हता. उलट त्याचा सर्वांत कर्तबगार सेनापती, त्याच्यासाठी लढाया जिंकून दिलेला, आणि त्याच्याइतकाच गडगंज जमीनदार. मग बिनसलं कुठे? मला विचाराल तर, बंदरात. परदेशी व्यापार ब्वेनोस आयरेसच्या बंदरातून व्हायचा आणि जकातीचा पैसा तिथेच राहायचा. एंत्रे रिओसच्या दाराशी पाराना नदी वाहते, पण तिच्यातून परदेशी जहाज थेट वर येऊ द्यायचं नाही, हा रोसासचा हट्ट. स्वातंत्र्य, राज्यघटना या गोष्टी उर्कीसाच्या जाहीरनाम्यात होत्याच, खोट्याही नव्हत्या. पण त्यांच्या मागे ही नदी वाहत होती.

ब्राझील आणि उरुग्वे त्याला येऊन मिळाले. डिसेंबर १८५१च्या अखेरीस या 'मोठ्या फौजे'ने पाराना ओलांडली. फौजेबरोबर एक छापखानाही होता. बातमीपत्रं काढायचं काम पाहत होता सार्मिएंतो, पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला तो. पोंचो घातलेल्या घोडेस्वारांत हा एकटा कडक युरोपीय गणवेशात, घोड्यावर खोगीरही युरोपीय. त्याची थट्टा झाली नसती तरच नवल.

वाटेत एक प्रकार घडला, तो मला लढाईपेक्षाही बोलका वाटतो. उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ, तिच्या वेढ्यात वर्षानुवर्षं रोसासच्या बाजूने लढलेले सैनिक उर्कीसाने आपल्या फौजेत भरती केले होते. जानेवारीत त्यातली एक अख्खी तुकडी उठली, आकिनो नावाच्या आपल्याच कर्नलला ठार मारलं आणि घोडे फेकत रोसासला जाऊन मिळाली. उर्कीसाचं स्वागतच होईल असं गृहीत धरलेल्यांना हा चांगलाच धक्का होता. ज्याला आपण जुलमी म्हणतो, त्याच्यासाठी मरायला तयार असलेली साधी माणसंही होती.

३ फेब्रुवारी १८५२. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा. ब्वेनोस आयरेसच्या पश्चिमेला दोन्हीकडचे मिळून जवळपास पन्नास हजार लोक समोरासमोर आले. रोसासच्या उजव्या बगलेला कासेरोस कुटुंबाचा वाडा आणि शेजारी कबुतरांसाठी बांधलेली एक गोल, उंच इमारत. उर्कीसाने स्वतः घोडदळ घेऊन रोसासची डावी बगल फोडली. वाडा आणि कबुतरखाना ब्राझील-उरुग्वेच्या पायदळाने घेतला. काही तासांत रोसासच्या फौजेची वाताहत झाली. शेवटपर्यंत चालल्या त्या चिलावेर्तच्या तोफा. हा चिलावेर्त एके काळी रोसासचा विरोधक. इंग्रज आणि फ्रेंच आरमार देशावर चालून आलं, तेव्हा तो रोसासच्या बाजूला गेला. तो पकडला गेला. देशद्रोही म्हणून पाठीत गोळी घालायचं ठरलं, तर तो सैनिकांशी झटापट करत राहिला: मारायचं तर समोरून मारा. आकिनोच्या तुकडीतले जे हाती लागले, त्यांनाही मृत्युदंड मिळाला.

आणि रोसास? हाताला जखम, बरोबर एक नोकर. शहराच्या कडेला एका मोकळ्या जागेत तो उतरला आणि राजीनामा लिहिला. या खेपेला खरा. याहून जास्त आम्ही केलं नाही, कारण याहून जास्त आम्हाला करता आलं नाही, असं त्यात आहे. मग त्याने ब्रिटिश प्रतिनिधी गोरचं घर गाठलं. गोर घरी आला, तर हा त्याच्या पलंगावर. त्याच रात्री मुलगी मानुएलितासह त्याला ब्रिटिश जहाजावर पोहोचवण्यात आलं.

२० फेब्रुवारीला उर्कीसा शहरात मिरवत आला. लोकांनी लाल फिती काढून फेकल्या होत्या. विजेत्याच्या टोपीवर मात्र ती होती. बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. १८५३मध्ये राज्यघटना झाली खरी, पण ब्वेनोस आयरेस तेव्हा वेगळं निघालं होतं.

रोसास इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनजवळ शेती करत पंचवीस वर्षं जगला. इकडे त्याच्या जमिनी जप्त झाल्या, तिकडे हातात पैसा राहिना. तेव्हा त्याला मदत पाठवणाऱ्यांत उर्कीसा होता. रोसासने ती घेतली, आणि आभाराचं पत्रही लिहिलं.

नमस्कार.