जकात गेली, टोल गेला, मग कामं कुणाच्या पैशाने?

मुलुंडचा चेकनाका. 30 जून 2017 पर्यंत इथे ट्रकची रांग लागायची, ड्रायव्हर कागद हातात घेऊन खिडकीशी उभा, आणि शहरात येणाऱ्या मालावर मुंबई पालिका जकात घ्यायची, वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास. दुसऱ्या दिवशी जीएसटी आला आणि नाका थंड. आता त्याची भरपाई राज्य सरकार देतं.

अशीच आपली जकात तारण ठेवून अहमदाबाद पालिकेने 1998 मध्ये 100 कोटींचे बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या व्याजाने परत करायच्या बोलीवर घेतलेल्या कर्जाचे रोखे, काढले होते, तेही राज्य सरकारची हमी न घेता. ठरलेल्या नाक्यांवरची वसुली थेट एका वेगळ्या खात्यात, त्याला एस्क्रो म्हणतात, त्यातून आधी बॉण्डवाल्यांचं व्याज आणि मुद्दल द्यायचं, मग उरेल ते पालिकेचं. आयुक्त बदलो, सत्ता बदलो, आधी त्यांचं देणं.

रेव्हेन्यू बॉण्डमध्ये तर ज्या कामासाठी कर्ज काढलं त्याच कामाच्या कमाईतून फेडायचं, म्हणजे पूल असेल तर टोल, पाण्याची योजना असेल तर पाणीपट्टी, बाकीच्या तिजोरीवर हक्क नाही. अमेरिकेत कितीतरी पूल, विमानतळ, पाणीयोजना अशाच उभ्या राहतात. आपल्याकडे इतका शुद्ध प्रकार कमीच. पुण्याने 2017 मध्ये 24 तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटी उभे केले, 7.59 टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी. आणि इंदूरचं तर मला फारच आवडतं, नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने शहरापर्यंत चढवायचं म्हणजे विजेचं बिल अवाढव्य, म्हणून 2023 मध्ये त्यांनी तिथेच 60 मेगावॉटचा सोलर प्लांट लावायला 244 कोटींचे बॉण्ड काढले, व्याज 8.25 टक्के, आणि साध्या माणसांनाही ते घेता आले.

आता मुंबई. आपल्या पालिकेच्या ठेवी एकेकाळी 90 हजार कोटींच्या वर होत्या, मग कर्ज कशाला काढायचं? कोस्टल रोडचे जवळपास 14 हजार कोटी पालिकेनेच घातले आणि त्याला टोलही नाही. पण ठेवी आता घटतायत, त्यात कर्मचाऱ्यांच्या पीएफ-पेन्शनचे पैसेही आहेत. आणि ठेव मोडताना बाहेरचं कोण विचारतं? बॉण्ड काढायचा तर रेटिंग, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत किती याचा बाहेरच्या संस्थेने दिलेला दर्जा, घ्यावं लागतं, शेअर आणि रोखे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे 2015 चे नियम पाळावे लागतात, हिशोब लोकांसमोर ठेवावा लागतो. मला तरी हाच बॉण्डचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, पैशापेक्षाही.

धोका आहेच. याच मुलुंडसकट मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर 2024 मध्ये छोट्या गाड्यांचा टोल एका निर्णयात माफ झाला. गाडीवाले खूश, पण उद्या अशा कमाईवर कुणी कर्ज मागितलं तर देणारा आधी विचारणार, निवडणुकीच्या तोंडावर हीसुद्धा माफ केलीत तर?

आणि सगळंच काही बॉण्डवर होणार नाही. केईएम हॉस्पिटलची ओपीडी, पावसाळ्याआधीची नालेसफाई, गोवंडीतल्या वस्तीतलं शौचालय, यांच्यातून कमाई होत नाही आणि व्हायलाही नको, तिथे कराचाच पैसा लागतो. म्हणून तर म्हणतोय, ज्या पाण्याचं बिल येतं आणि भरलं जातं त्या पाण्याच्या कामांसाठी बॉण्ड काढा, आणि तिथे वाचलेला कराचा पैसा आधी गोवंडीला द्या.