रवंथ

नमस्कार श्रोतेहो.

माझं माहेर जालन्याकडचं एक खेडं. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की आमच्याकडे धनगर यायचे. रात्रीला किती पायल्या ज्वारी घ्यायची ते ठरायचं आणि खतासाठी मेंढ्या शेतात बसवल्या जायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. वडिलांबरोबर एका रात्री वस्तीवर थांबले होते. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत शेदोनशे मेंढरं बसलेली, आणि अंधारात सगळीकडून तोंडं हलल्याचा बारीक आवाज. मी म्हाताऱ्या धनगराला विचारलं, "बाबा, लांडगा आला तर कळतं का?" तो म्हणाला, "रवंथ चाललाय न्हवं, मग भ्याव नाही. तोंडं थांबली की मी उठतो."

चाळीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, पुष्कळ विसरले. हे वाक्य मात्र राहिलं.

आज बोलायचं आहे ख्रिस्ती ध्यानाबद्दल. "तुमच्यात ध्यान असतं का?" हा प्रश्न मला शेजारीपाजारी नेहमी विचारतात. त्यांना आमचा हार्मोनियम आणि पाळकांचे उपदेश ठाऊक. गंमत म्हणजे मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनाही ध्यान म्हटलं की बिचकायला होतं, हे आपलं नव्हेच असं वाटतं. म्हणून थोडं जुनं सांगते. बायबलातल्या पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस देवाच्या शास्त्राचं मनन करणारा माणूस येतो. तिथला मूळ हिब्रू शब्द आहे 'हागा'. त्याचा अर्थ डोळे मिटून गप्प बसणं नव्हे, तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहणं. पारव्याच्या घुमण्याला बायबलात हाच शब्द, आणि शिकार पुढ्यात घेऊन गुरगुरणाऱ्या सिंहालाही हाच. पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात साधू राहायचे, ते चटया विणता विणता एखादी ओळ अशीच घोळवत बसायचे. लॅटिन मठांत या घोळवण्याला जे नाव पडलं त्याचा अर्थच मुळी रवंथ. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठाधिपतीनं याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचणं, चघळणं, मागणं, आणि मग नुसतं बसून राहणं. चौथी पायरी मला अजून फारशी जमत नाही.

आणि हे आपल्या मातीला परकं कसं असेल? गंगाखेडच्या जनाबाई दळता दळता नाव घेत होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर उघड सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आम्ही देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, म्हणतो तेव्हा करतो ते हेच.

आता घरचं सांगते. वडिलांच्या माघारी धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलं. मी माझ्या वाटणीची मोजणी मागितली. तो चारचौघांत म्हणाला, "अक्का, लगीन होऊन गेलीस, आता बांध कशाला मोजतीस?" झालं. रात्री दोन वाजता जाग यायची आणि ते वाक्य तोंडात यायचं. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मी रोज नव्यानं तयार करायची. एकाहून एक उत्तरं! कोवळी ज्वारी खाऊन किराळ बाधलेल्या जनावरासारखी माझी गत. तेव्हा कळलं, रवंथ तर माझा चालूच होता. चारा तेवढा विषारी होता.

मग पहाटे पाचला उठून बसायला लागले. खुर्चीत, कारण गुडघे. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ तीनदा पुटपुटायची, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", आणि तीच धरून वीस मिनिटं बसायचं. पहिला आठवडा डोक्यात किराणा आणि भाऊ, दुसरं काही नाही. मन भरकटलं की परत ओळीवर यायचं, एवढंच काम. कधी 'माझा' या शब्दावर अडकायची. माझा म्हणायला कुणी उरलं नाही असं वाटत होतं, त्यामुळे तिथं डोळे भरायचे. पंधरा-वीस दिवसांनी एक विचार आला: तो माझा मेंढपाळ असेल तर भावाचाही असणार. एकच वाघर, आत दोघं. मला ते अजिबात आवडलं नाही. त्या दिवशी मी दहाव्या मिनिटालाच उठून चहा टाकला.

पण झोप लागायला लागली. ते वाक्य येतं अजून, नाही असं नाही, पण आता ते आल्या वाटेनं जातं. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं आपल्याकडची रानं खरवडून नेली तेव्हा मीच फोन लावला. भाऊ म्हणाला, "अक्का, बांधच ऱ्हायला नाही." दोघंही हसलो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, फोन मात्र कुणी ठेवला नाही. मोजणीचा अर्ज अजून आहे तिथंच आहे.

नर्स आहे म्हणून एवढं सांगते. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शांत बसून एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की श्वास मंदावतो, नाडी संथ होते. त्या शब्दाला कोणताही धर्म चालतो. ख्रिस्ती माणूस मात्र नाडीसाठी बसत नाही, तो कुणाच्या तरी जवळ बसतो. नाडीचं आपोआप होतं.

आणि ध्यान हे औषध नव्हे. बायबलातला एलिया संदेष्टा आठवा. तोही दुष्काळाच्या काळातलाच. जीव वाचवत रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, मला मरण दे. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. आवाज त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. तोही वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, आगीत नव्हता. अगदी मंद असा. किल्लारीची १९९३ ची ती पहाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. देव त्या भूकंपात होता असं मला कुणी सांगू नये. तर ज्यांना जगणंच नकोसं झालं आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं, घरच्यांशी बोलावं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्रीही लागतो. आधी भाकर, आधी झोप.

बाकीच्यांना एक विनंती. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड, असं समोर काचेपलीकडे बसलेल्या साहेबांचं मत आहे. तरी त्यांनी मला अर्धा मिनिट दिलं आहे. ओळ तुमची तुम्ही निवडा. स्तोत्राची घ्या, अभंगाची घ्या, नाहीतर आईच्या तोंडची घ्या. हलके हलके घोळवा. मी आता बोलणार नाही. तुमचा रेडिओ बंद पडलेला नाही.

(अर्धा मिनिट शांतता.)